आऱ्या सुटण्याआधी

भुईमुगाच्या रानात कोळप्याला मुदत असते. कपाशीत, तुरीत, ज्वारीत पीक कमरेला लागेपर्यंत औत फिरत राहते. भुईमूग तेवढी सवड देत नाही. पेरणीपासून २५ ते ३० दिवसांत त्याला पिवळी फुले येतात, फळधारणा झालेले फूल सुकते आणि त्याच्या बुडाशी एक टोकदार दांडा तयार होऊन मातीच्या रोखाने खाली वाढू लागतो. ही आरी. तिचे टोक मातीत ४ ते ७ सेंटिमीटर शिरले की आडवे वळते आणि तिथे शेंग धरते. पेरणीनंतर ३५-४० दिवसांनी ओळीच्या दोन्ही अंगांना अशा आऱ्या उतरू लागलेल्या असतात. तिथे लोखंडाची पास फिरवली तर तणाबरोबर शेंगेचीच नाळ कापली जाते. त्या दिवसापासून कोळपे गोठ्याच्या भिंतीला टांगायचे. नंतर जे तण डोके वर काढेल ते हाताने उपटायचे, तेही भुईमुगाचे झाड हलू न देता.

तणनाशक वापरणाऱ्याला ही मुदत फारशी बोचत नाही. पेरणी झाल्यावर, उगवणीपूर्वी पेंडीमिथॅलिन फवारले जाते. तण दोन-चार पानांवर आले की इमॅझिथापायर. सेंद्रिय शेतकऱ्याला दोन्ही वाटा बंद आहेत. भारतात २००१ पासून अमलात असलेल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांत कृत्रिम तणनाशकाला जागा नाही. अमेरिकेत ऑक्टोबर २००२ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय नियमांतही नाही. तिथे तर शेवटच्या निषिद्ध फवारणीपासून ३६ महिने उलटल्याशिवाय पीक सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. उरते ते लोखंड, लाकूड, बैल, इंजिन आणि माणसाचे हात. ही प्रस्तावना या पाच साधनांची आणि त्यांना मिळणाऱ्या सहा आठवड्यांची ओळख करून देण्यासाठी आहे.

सहा आठवडे ऐकायला पुष्कळ वाटतात. प्रत्यक्षात पहिला आठवडा उगवणीत जातो. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे भुईमूग वर फारसा वाढत नाही. त्याचा जोर मुळांकडे असतो, मुळांवर गाठी धरायच्या असतात. आपल्याकडची उपटी वाणे तर बुटकीच. फुले प्रगती असो, एसबी ११ असो किंवा ट्रॉम्बे आणि अकोला यांच्या नावांची आद्याक्षरे घेऊन आलेले टॅग २४ असो, ही झाडे महिनाभराची झाली तरी दोन ओळींमधली माती उघडीच दिसते. त्या उघड्या मातीवर ऊन पडते, पाऊस पडतो, आणि तण नेमके तेवढ्याचीच वाट पाहत असते. माठ, तांदुळजा, कुर्डू यांची रोपे पहिल्या पंधरवड्यातच भुईमुगाच्या वर मान काढतात. पानांनी ओळी झाकल्या गेल्या की पीक स्वतःच सावली धरून तणाला दाबते. पण ती वेळ येते पेरणीनंतर साधारण ४५ ते ५० दिवसांनी. म्हणजे पिकाची सावली सुरू होण्याच्या आधीच लोखंडाची मुदत संपलेली असते. मधले आठ-दहा दिवस रान कोणाच्याच राखणीत नसते. या दिवसांत किती तण वाढेल हे त्याआधीच्या महिन्यात ठरलेले असते.

म्हणून सेंद्रिय भुईमुगात तणाशी झुंज ताकदीची नसते, तारखेची असते. या एका गोष्टीकडे लक्ष न दिल्यामुळे चांगली अवजारे घेऊनही शेतकरी हरताना दिसतात.

थोडा हिशेब मांडून पाहावा. उपटी भुईमुगाची शिफारस ३० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटर अशी आहे. दोन ओळींत ३० सेंटिमीटर अंतर असेल तर एका एकरातल्या सगळ्या ओळी एकापुढे एक जोडल्यावर साडेतेरा किलोमीटर भरतात. त्या ओळींमधून फिरणाऱ्या कोळप्याची पास २० सेंटिमीटरची धरली, तर प्रत्येक ओळीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर पट्टी सुटते. १० सेंटिमीटरची ही पट्टी शेताचा एक तृतीयांश भाग आहे. कोळपे कितीही सफाईने चालवले, तरी एकरातले १३ गुंठे त्याच्या आवाक्याबाहेरच राहतात. आणि पिकाला खरा उपद्रव करते ते याच पट्टीतले तण, कारण ते भुईमुगाच्या मुळाशी मूळ लावून बसलेले असते.

ओळींमधले तण हा बऱ्याच अंशी सुटलेला प्रश्न आहे. तो आपल्याकडे फार पूर्वी सुटला. इंग्लंडमध्ये जेथ्रो टल यांनी ओळीत पेरा आणि ओळींमधून घोड्याची कुदळणी करा असे सांगणारे पुस्तक १७३१ मध्ये प्रसिद्ध केले, आणि युरोपात ती नवी दिशा मानली गेली. दख्खनच्या शेतकऱ्याला तिफण आणि कोळपे यांचे नाते समजावून सांगण्याची गरज नव्हती. तिफणीच्या फणांत जे अंतर, तेच कोळप्याच्या मापाला. एका बैलजोडीमागे दोन किंवा तीन कोळपी जोडायची, प्रत्येकाच्या रुमण्यावर एक माणूस, बैलांच्या तोंडाला मुसकी. तिफणीच्या एका फेरीत पडलेल्या ओळी कोळप्याच्या एका फेरीत याव्यात हे गणित आजही तेवढेच महत्त्वाचे आहे. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने पेरून नंतर वेगळ्याच मापाचे औत आत घातले, की दोन फेऱ्यांच्या सांध्यावर ओळ कापली जाते. फेरीच्या कडेची ओळ एकाच बाजूने विरळ झालेली दिसली, तर कारण बहुधा हेच असते.

बैल कमी झाले तसे कोळप्याने रूप बदलले. कोरडवाहू गावांत एक जण दोरी खांद्यावर घेऊन ओढतो आणि दुसरा मागून दाबतो. बहुतेक वेळा नवरा-बायको. जुन्या सायकलचे पुढचे चाक, त्याला पाइपचा दांडा आणि खाली पास, अशी सायकल कोळपी गावातला वेल्डर अर्ध्या दिवसात जोडून देतो. एकट्या माणसाला ती चालवता येते आणि पास बदलता येते, म्हणून लहान रानात ती फार उपयोगी ठरली आहे. सायकल कोळप्याने ओळींमधली जागा साफ होते, वर माती भुसभुशीत होऊन ओल टिकते. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुनी माणसे म्हणतात त्यात अतिशयोक्ती नाही. काळ्या रानातल्या बारीक भेगा बुजल्या की जमिनीतली वाफ कमी बाहेर पडते, आणि पुढे येणाऱ्या आऱ्यांनाही मऊ माती मिळते.

सौराष्ट्रात या गरजेतून एक वेगळेच वाहन जन्माला आले. भुईमुगाच्या त्या मुलखात, अमरेली जिल्ह्यातल्या मोटा देवळिया गावचे मनसुखभाई जगानी यांनी १९९४ च्या सुमारास बुलेट मोटरसायकलचे मागचे चाक काढले आणि तिथे दोन चाकांचा, अवजारे जोडता येणारा सांगाडा बसवला. दुष्काळाने बैलांना चारा नव्हता, मजूर मिळत नव्हते, ट्रॅक्टर परवडत नव्हता. पेरणी, कोळपणी, फवारणी या सगळ्यांना चालणाऱ्या या 'बुलेट सांती'ला राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने गौरवले आणि पुढे अमेरिकेतही तिला पेटंट मिळाले. भुईमुगाच्या तणनियंत्रणाचा इतिहास लिहायला घेतला तर विद्यापीठांच्या बरोबरीने अशा गावठी कारखान्यांनाही त्यात मोठी जागा द्यावी लागेल.

मात्र बैलकोळपे, सायकल कोळपे, बुलेट सांती या सगळ्यांची धाव ओळीच्या कडेपर्यंतच. १० सेंटिमीटरच्या त्या पट्टीचे काय, हा प्रश्न तसाच राहतो. त्याचे आपल्याकडचे उत्तर आहे खुरपे. आणि खुरप्यामागे बाई.

हा प्रश्न यंत्राने सोडवण्याचा सगळ्यांत चिकाटीचा प्रयत्न झाला तो अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन येथे. अमेरिकेतला जवळजवळ निम्मा भुईमूग एकट्या जॉर्जियात पिकतो. पण सेंद्रिय भुईमूग मात्र बराच काळ पश्चिमेकडच्या कोरड्या टेक्सास आणि न्यू मेक्सिकोतूनच येत राहिला. कारण उघड आहे. कोरड्या हवेत रोग कमी, तण कमी. जॉर्जियाचा उन्हाळा दमट, पाऊस भरपूर. तिथले रान आपल्या खरिपाच्या रानासारखेच तणाने उसळते. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधन सेवेतले तणशास्त्रज्ञ डब्ल्यू. कॅरोल जॉन्सन यांनी तिथे वर्षानुवर्षे चाचण्या घेतल्या आणि त्यांतले काही निष्कर्ष २०१२ मध्ये 'वीड टेक्नॉलॉजी' या नियतकालिकात आले. सेंद्रिय शेतीत चालणारे पर्यायही त्यांनी तपासले होते. मक्याच्या ग्लूटेनची भुकटी, लवंगेचे तेल, असे बाजारात मिळणारे उपाय भुईमुगाच्या ओळीतले तण समाधानकारक रोखू शकले नाहीत. भरवशाचे ठरले ते लोखंडच, पण एका विशिष्ट रूपात.

ते अवजार म्हणजे लवचिक तारांचे दाताळे. ट्रॅक्टरमागे एक रुंद चौकट, तिला बोटाएवढ्या जाडीहूनही बारीक अशा पोलादी तारांच्या अनेक रांगा, प्रत्येक तार खाली वाकलेली आणि स्प्रिंगसारखी थरथरणारी. हे दाताळे ओळींमधून जात नाही. सरळ ओळीवरून, पिकावरूनच जाते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते पिकाचा सत्यानाश करणार असेच वाटते. पण भुईमुगाचा दाणा मोठा असतो आणि ५ सेंटिमीटर खोल पेरलेला असतो. तणाचे बी मोहरीहून बारीक, वरच्या एक-दीड सेंटिमीटरात रुजलेले. तारा तेवढाच वरचा थर विसकटतात. भुईमुगाचे रोप मूळ घट्ट धरून मागे-पुढे होते आणि पुन्हा उभे राहते. तणाचा कोंब त्या वेळी पांढऱ्या दोऱ्याएवढा असतो, डोळ्याला दिसतही नाही. तो उलटला की तासाभराच्या उन्हात सुकतो.

सगळे मर्म इथे आहे. शेत हिरवे दिसू लागल्यावर हे दाताळे नेले तर काहीच होत नाही, कारण दोन पाने फुटलेले तण तारेला दाद देत नाही. म्हणून भुईमुगाने जमिनीला तडा दिल्यापासून दर आठवड्याला एक फेरी, रान स्वच्छ दिसत असले तरीही. स्वच्छ रानात अवजार घालणे शेतकऱ्याच्या मनाला पटत नाही; डिझेल जाळून काय मिळवले असे वाटते. टिफ्टनच्या चाचण्यांनी दाखवले ते हेच, की लवकर आणि वारंवार केलेल्या उथळ मशागतीला पर्याय नाही. ओळींमधल्या भागासाठी सपाट पासेची कोळपणी तिच्या जोडीला हवी, आणि एवढे करूनही जे उरते त्यासाठी शेवटी हातच लागतात. दाताळ्याने काही रोपे मरतातच. शिवाय सेंद्रिय बियाण्याला रासायनिक बुरशीनाशक चोळता येत नाही, त्यामुळे उगवण आधीच थोडी कमी भरते. दोन्ही तुटी धरून बी जरा दाट पेरावे लागते. ओळीत नांग्या पडल्या की तिथे ऊन पोचते आणि नेमके तिथेच तण माजते, म्हणून ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया आणि चांगले बियाणे हाही तणनियंत्रणाचाच भाग समजायला हवा.

उथळ मशागतीचे हे तत्त्व आपल्याकडे अगदी परके आहे असे नाही. पेरणीनंतर मोठा पाऊस होऊन वर खपली धरली, तर ती फोडण्यासाठी रानातून बोराटीची फांदी ओढणारे शेतकरी आहेत. खपली फोडताना कोवळे तणही त्यात उलटते. जॉर्जियात मात्र ओळींमध्ये ९० सेंटिमीटरच्या आसपास अंतर असते आणि पसरी वाण ती जागा व्यापते. तिथे एकरात साडेचार किलोमीटरच ओळ भरते, आपल्या साडेतेरासमोर. त्यामुळे त्यांचे यंत्र जसेच्या तसे इथे आणण्यापेक्षा त्याची रीत आणणे शहाणपणाचे. बैलाच्या किंवा छोट्या ट्रॅक्टरच्या मागे लागणारे, ३० सेंटिमीटरच्या ओळींवरून चालणारे, हलक्या तारांचे दाताळे गावातल्या कामगाराला जमणार नाही असे त्यात काही नाही. अशा अवजारांवर आपल्या कृषी विद्यापीठांनी आणि जुनागढच्या भुईमूग संशोधन संस्थेने सेंद्रिय शेतीच्या अंगाने अधिक काम करावे, ही अपेक्षा रास्त आहे.

टिफ्टन आणि महाराष्ट्र यांना जोडणारा एक दुवा मात्र जिवंत आहे, आणि तो तणाचाच आहे. आपला केना. निळ्या नाजूक फुलांचा, बांधावर पसरणारा, पावसाळ्यात रानभाजी म्हणून भज्यांतही जाणारा. आशिया-आफ्रिकेच्या उष्ण भागातला हा केना अमेरिकेत पोचला, तिथल्या सरकारने १९८३ मध्ये त्याला उपद्रवी तणांच्या यादीत टाकले, आणि २००० नंतरच्या दशकात जॉर्जियाच्या कपाशीत आणि भुईमुगात तो डोकेदुखी होऊन बसला. कपाशीवर सरसकट फवारल्या जाणाऱ्या ग्लायफोसेटला तो पुरेसा मरत नव्हता. इतर तणे मेली आणि मोकळी जागा केन्याला मिळाली. तिथे त्याला बेंगाल डेफ्लॉवर म्हणतात.

केन्याची गोष्ट भुईमुगाच्या संदर्भात विशेष आहे, कारण तोही जमिनीखाली बी धरतो. वरच्या फुलांपासून लहान-मोठे दोन प्रकारचे बी, आणि मातीतल्या पांढऱ्या फांद्यांवर न उमलणाऱ्या फुलांपासून आणखी दोन प्रकारचे. असे चार तऱ्हेचे बी एकाच झाडाला येते आणि ते वेगवेगळ्या वेळी उगवते. एका फेरीने केना संपत नाही याचे कारण हे. शिवाय त्याचे कांडे ओल्या मातीवर पडले की पुन्हा मूळ धरते. कोळप्याने कापलेला केना दुपारच्या उन्हात वाळला तर ठीक. संध्याकाळी पाऊस आला तर एका झाडाची चार होतात. जाणत्या बाया म्हणूनच भांगलताना केना ओळीत टाकत नाहीत, पाटीत गोळा करून बांधावर नेतात. सहज हातवळणी पडलेली ही गोष्ट वनस्पतीशास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरते.

लव्हाळ्याचे दुखणे निराळे. लिरॉय होम आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये जगातल्या सर्वांत वाईट तणांचा जो ग्रंथ काढला, त्यात पहिला क्रमांक लव्हाळ्याला आहे आणि दुसरा हरळीला. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या जोडलेल्या असतात. माळेच्या टोकाची गाठ उगवते आणि बाकीच्यांना दाबून ठेवते. कोळप्याने माळ तुटली की दबलेली प्रत्येक गाठ मोकळी होऊन स्वतंत्र उगवते. म्हणजे जे अवजार माठ-कुर्डूवर रामबाण, तेच लव्हाळ्यात अर्धवट चालवले तर उलटते. लव्हाळा-हरळीचे रान असेल तर भुईमूग तिथे पेरूच नये. आधी उन्हाळ्यात खोल नांगरट करून गाठी आणि काशा वर आणाव्यात, वैशाखाच्या उन्हात वाळवाव्यात, वेचाव्यात, आणि एक-दोन हंगाम ज्वारी-बाजरीसारखे दाट सावलीचे पीक घ्यावे. भुईमुगाच्या सहा आठवड्यांत लव्हाळ्याचा बंदोबस्त होत नाही. हे कटू असले तरी सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

आणि पाऊस. यांत्रिक तणनियंत्रणाच्या सगळ्या वेळापत्रकांवर पाणी फिरवतो तो हा. कोळपे चालायला वाफसा लागतो. माती हातात दाबली तर गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये, अशी ओल. आषाढात आठ-आठ दिवस झड लागते तेव्हा वाफसा येतच नाही. बैलाचा पाय रुततो, पासेला चिखल धरतो, कापलेले तण जागच्या जागी पुन्हा लागते. सहा आठवड्यांतले दोन असे गेले तर उरलेल्या चारांत सगळे बसवायचे असते. काळ्या भारी रानात हे संकट मोठे. मुरमाड, हलक्या, निचऱ्याच्या रानात पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी औत घालता येते. भुईमुगाला तशीही भुसभुशीत, निचऱ्याची जमीन मानवते. पण सेंद्रिय भुईमुगासाठी रान निवडताना पिकाच्या आवडीइतकाच कोळप्याच्या सोयीचा विचार करावा लागतो. जानेवारीच्या मध्यापासून पेरल्या जाणाऱ्या उन्हाळी भुईमुगात पाणी आपल्या हातात असते, वाफसा ठरवून आणता येतो. पहिल्यांदा सेंद्रिय भुईमूग करणाऱ्याने उन्हाळी हंगामापासून सुरुवात केली तर हात लवकर बसतो.

खरिपात एक युक्ती आणखी आहे, आणि ती पेरणीच्या आधीची आहे. मृगाच्या पहिल्या पावसावर रानात तणाची पहिली, सर्वांत मोठी लाट उगवते. त्यावर वखराची पाळी उथळ घालून मग पेरणी केली तर त्या लाटेचे मोठे ओझे कमी होते. पाळी खोल गेली तर खालचे नवे बी वर येते आणि केलेले वाया जाते. या युक्तीची किंमत म्हणजे पेरणीचे आठ-दहा दिवस. पाऊस पुढे कसा जाईल याची खात्री नसताना ते दिवस सोडणे कोरडवाहू शेतकऱ्याला जड जाते, आणि त्याला कोणी दोष देऊ नये.

मातीची भर द्यावी की नाही, यावर दोन देशांतली रीत एकमेकांच्या विरुद्ध दिसते. आपल्याकडे शेवटच्या कोळपणीला कोळप्याच्या जानवळ्यांना दोरी गुंडाळतात, म्हणजे माती दोन्ही बाजूंनी झाडाच्या बुडाशी लागते. ओळीतले बारीक तण त्याखाली दबते आणि आऱ्यांना माती जवळ मिळते. जॉर्जियात १९५० च्या दशकापासून शिकवले गेले ते उलट: झाडाच्या बुडाशी कणभरही माती ढकलू नका, पास सपाट चालवा. तिथे खोडावर पांढऱ्या बुरशीच्या रूपात येणारा स्क्लेरोशियमचा रोग मोठा. बुडाशी आलेली माती आणि तिच्यात गाडलेली पाने या बुरशीला आयते अन्न देतात. दुसरे कारण झाडाच्या ठेवणीत आहे. भुईमुगाच्या पहिल्या दोन फांद्या बीजदलांच्या बेचक्यातून, अगदी जमिनीलगत फुटतात आणि शेंगांचा मोठा वाटा त्यांच्यावरच असतो. या फांद्यांचे सांधे लवकर मातीत गाडले गेले तर तिथली फुलेच कमी होतात. दोन्ही रीती आपापल्या जागी अनुभवातून आल्या आहेत. तरी ज्या रानात मर किंवा खोडकूज दरवर्षी दिसते, तिथे भर न देता सपाट कोळपणी करणे अधिक सुरक्षित ठरेल. आणि भर द्यायचीच असेल तर ती हलकी आणि आऱ्या सुटण्याच्या तोंडावर, त्याआधी नाही.

आता खुरप्याकडे वळले पाहिजे, कारण यंत्रांची कितीही चर्चा केली तरी सेंद्रिय भुईमूग आज त्यावरच उभा आहे. कोल्हापूर-साताऱ्याकडे भांगलण, सोलापूर-मराठवाड्यात खुरपणी, विदर्भात निंदण. नावे वेगळी, बसण्याची पद्धत एकच: उकिडवे बसून, दोन ओळी धरून, पुढे सरकत जायचे. एकरातल्या साडेतेरा किलोमीटर ओळींवरून हे सरकणे होते, आणि ते जवळजवळ सगळे बायकांच्या वाट्याला येते. भर पावसात डोक्यावर इरले किंवा प्लास्टिकची खोळ घेऊन, पाय चिखलात, गुडघे छातीला टेकलेले. त्यांची मजुरी पुरुषांच्या मजुरीहून कमी ठेवण्याची पद्धत अजून गेलेली नाही. सेंद्रिय मालाला चढा भाव मिळतो तेव्हा त्या भावातला मोठा भाग खरे तर या खुरप्याच्या कामाचा असतो. तो त्या हातांपर्यंत पोचतो का, हा प्रश्न प्रत्येक प्रमाणपत्राच्या मागे उभा आहे आणि तो टाळून सेंद्रिय शेतीचे कौतुक करणे अपुरे आहे.

खुरपणाऱ्या बाईची नजर हे या शेतीतले सर्वांत बारीक अवजार आहे. कुर्डू आणि कोवळा भुईमूग, शिप्पी आणि हरळी, ती पानाच्या लकाकीवरून ओळखते. झाडाच्या मुळाशी चिकटलेले तण काढताना डाव्या हाताने भुईमूग दाबून धरते. कॅमेऱ्याने ओळ ओळखून पास डावी-उजवीकडे सरकवणारी यंत्रे युरोप-अमेरिकेत आज चालू आहेत, आणि तीही आऱ्या सुटल्यावर थांबतात. तिची नजर थांबत नाही. म्हणून यंत्राने तिचे काम काढून घ्यावे असे म्हणण्यापेक्षा, तिच्यासमोर येणारे तण कमी करावे असे म्हणणे योग्य. वेळेवर झालेल्या दोन दाताळण्या आणि दोन कोळपण्या यांनी भांगलणीचा एक फेरा जरी वाचला, तरी तो काही किलोमीटर उकिडवे सरकण्याचा फेरा असतो. पैऱ्याने एकमेकींच्या रानात जाऊन काम उरकण्याची जुनी पद्धत जिथे टिकून आहे तिथे तारीख सांभाळणे सोपे जाते, कारण सहा आठवड्यांत मजुरांची वाट पाहण्यात जाणारा प्रत्येक दिवस महाग असतो.

जॉर्जियात रसायनांच्या शेतीलाही हात परत बोलवावे लागले, ही नोंद इथे आवश्यक आहे. २००४ मध्ये त्या राज्याच्या मेकन काउंटीत माठाच्या कुळातले पामर अमरँथ हे तण ग्लायफोसेट पचवताना आढळले. या तणाच्या एका झाडाला काही लाख बिया येतात. पुढच्या काही वर्षांत तिथल्या कपाशीच्या शेतकऱ्यांना मजूर लावून तण उपटावे लागले. तणनाशकाचा रस्ता कायमचा मोकळा असतो असे समजणाऱ्यांनी ही हकीकत पाहावी. सेंद्रिय शेतकऱ्याने ज्या कलेला नाइलाजाने जपले, तिची गरज शेजाऱ्यालाही पडू शकते.

आऱ्या सुटल्यानंतर रानात एकच जड वस्तू फिरते. २०० लिटरचे रिकामे पिंप, पेरणीनंतर ४० आणि ५० दिवसांच्या सुमारास उपट्या भुईमुगावरून लोळवत नेतात. फांद्या जमिनीला टेकतात, वर लोंबकळणाऱ्या आऱ्या मातीत शिरतात. पिंप तण मारत नाही. पण फांद्या पसरल्याने ओळींमधली उघडी माती झाकली जाते आणि पिकाची सावली लवकर सुरू होते. त्यानंतर पिकाच्या वर डोकावणारी उंच तणे तेवढी, बी धरण्याआधी, ओल असताना उपटून घ्यायची. कुर्डूचा गुलाबी-पांढरा तुरा दिसू लागला म्हणजे उशीर होत चालला आहे.

काढणीच्या वेळी हे सगळे पुन्हा समोर येते. झाड उपटून उलटे टाकले की आऱ्यांना लोंबणाऱ्या शेंगांबरोबर लव्हाळ्याच्या काळ्या गाठीही वर येतात. मुदत उलटून फिरवलेल्या कोळप्याने चिरलेल्या शेंगा दिसतात, आणि अशा चिरेतूनच अफ्लाटॉक्सिन करणारी बुरशी दाण्यात शिरते. खळ्यावर बाया शेंगा तोडताना फुटक्या एका बाजूला टाकतात, गाठी दुसऱ्या. पुढच्या मृगासाठी बियाण्याच्या शेंगा वेगळ्या काढल्या जातात त्या ढिगातून लव्हाळ्याची एकेक गाठ हाताने वेचून, तिला मातीचा वास लागू नये म्हणून चुलीत टाकली जाते.